सत्तर पावलं

"हे पानी जाते ना भाऊ, थे शेवटी आमच्या गावावर जाऊन बसते."

काटोलच्या जाम नदीवरल्या पुलाच्या कठड्याला टेकून ताई हे बोलल्या तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले असतील. २०२४ चा जानेवारी, नदीला जेमतेम पाणी. आमचा पहाटफेरीचा गट आहे. दोन निवृत्त गुरुजी, एसटीचे एक माजी चालक, संत्र्याचे एक अडते, तीन-चार घरच्या बाया आणि मी. रोज तेच रस्ते आणि त्याच गप्पा. साखर किती निघाली, बीपी किती, आंबिया बहाराला भाव किती मिळाला. ताईंचं वाक्य त्यात कुठंच बसत नव्हतं. बाकीच्यांनी 'हो का' म्हटलं आणि पुढं चालू लागले. मी मात्र जागीच थांबलो, कारण मला ते अक्षरशः कळलं होतं.

जाम काटोलवरून वाहत जाऊन जलालखेड्याजवळ वर्धेला मिळते. वर्धा तिकडं मुलताईच्या डोंगरातून आलेली असते. दोघींचं पाणी एकत्र होऊन खाली जातं आणि मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला अडतं. धरणाचं कागदावरचं नाव ऊर्ध्व वर्धा, जलाशयाचं नाव नल-दमयंती सागर, पण लोक 'अप्पर वर्धा'च म्हणतात. १९९३ मध्ये ते पुरं झालं. तेरा दरवाजे आणि ५६४ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठा. अख्खं अमरावती शहर त्याच्यावर पाणी पितं. त्या साठ्याखाली अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांतली गावं गेली. त्यातलं एक ताईंचं माहेर. नदीच्या त्या काठावरून लग्न होऊन त्या आमच्या काटोलात आल्या आणि पाच-सहा वर्षांत मागं माहेरावर मोजणीची साखळी पडली.

ती साखळी धरणाऱ्यांत मी होतो.

हे मी त्या दिवशी बोललो नाही. गावाचं नाव मी विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि मी नुसती मान हलवली. ते नाव इथंही लिहीत नाही. त्याच नावाचं नवं गावठाण आज उभं आहे, आणि तिथल्या कित्येकांचे मोबदल्याचे कागद अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरत आहेत.

मी १९८० ला मोजणी खात्यात लागलो. वय एकवीस. पहिल्याच वर्षी बुडीत क्षेत्राच्या संयुक्त मोजणीवर आमची रवानगी झाली. संयुक्त म्हणजे भूसंपादनाचा माणूस, धरणाचा माणूस आणि आम्ही मोजणीवाले, सगळे एकाच वेळी शेतात. जमीन किती, विहीर बांधीव की कच्ची, घराला कवेलू की टिनं, संत्र्याची झाडं किती, त्यांतली फळावर आलेली किती, हे सगळं मोजून लिहायचं, पंचांच्या सह्या घ्यायच्या, ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे. माझ्याकडं साखळीचं मागचं टोक. पुढचा ओरडला की मी टोक शंकूवर धरायचं, तो 'चल' म्हणाला की चालायचं. आपण काय मोजतो आहोत याचा विचार त्या वयात माझ्या डोक्यात नव्हता. उन्हाचा होता, जेवणाचा होता, आणि पगार किती तारखेला होईल याचा होता.

त्या गावातला एकच माणूस मला आठवत होता. उंच, डोक्याला मळका दुपट्टा. त्याच्या वावराची मोजणी चालली तेव्हा तो दिवसभर आमच्या मागं मागं चालत होता. बोलत काही नव्हता, फक्त ओठ हलत होते. आम्हाला वाटलं, नामस्मरण करतो आहे.

---

मे महिन्यात ताईंचं बुडालेलं गाव पाहायला जायचं ठरलं. पाणी उतरलं की वर्तमानपत्रांत दरवर्षी फोटो येतात. उजनीच्या पाण्यातून वर आलेलं पळसदेवचं देऊळ. गोव्यात साळावलीच्या धरणात गेलेलं कुर्डी गाव, मोगूबाई कुर्डीकरांचं. तिथं तर पाणी ओसरलं की जुने गावकरी जमतात, आपापल्या देवांचे उत्सव करतात. आमच्या गटातल्या सगळ्यांनी हे फोटो पाहिलेले, त्यामुळं प्रत्येकाच्या मनात एक कळस होता. मी सांगून पाहिलं की आपल्याकडं तसलं काही दिसायचं नाही. मातीची घरं होती. लोकांनी जाताना लाकूडफाटा, दारं, कवेलू, सगळं बंडीत भरून नेलं. मारुतीसुद्धा उचलून नेला. उरलं असेल तर जोतं उरलं असेल. अडते म्हणाले, "मंग पाहाचं काय तिथं?" ताई म्हणाल्या, "तुमी पाणी पाहा. मी माहं पाहातो."

मी जुन्या ओळखीवर गावनकाशाची एक प्रत मिळवली. तीन लिटर पाणी प्रत्येकी, डोक्याला दुपट्टा, पायांत बूट, खिशात कांदा, साडेदहाच्या आत सावलीत परत, असे नियम मीच केले. विदर्भातल्या मे महिन्यात ऊन पंचेचाळिसाच्या घरात जातं. तिथं हौस चालत नाही. रात्री तीनला दोन क्रूझर करून आम्ही चौदा जण निघालो.

जलालखेड्यापाशी फटफटायच्या आधीच वर्धा ओलांडली. मी गाडीत सगळ्यांना सांगत होतो की आपण नुसता जिल्हा नाही, दप्तर बदललं. ही नदी म्हणजे जुनी हद्द. अलीकडं मध्य प्रांत, पलीकडं वऱ्हाड. वऱ्हाड १८५३ ला निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं, पण जमिनीचे कागद आपापल्या वळणानंच चालत राहिले. आपल्याकडं मालगुजारी, ती १९५१ मध्ये संपली, आणि शेताला खसरा नंबर. पलीकडं रयतवारी, आणि शेताला सर्वे नंबर. एकाच नदीचं पाणी पिणारी समोरासमोरची दोन वावरं, पण त्यांचे कागद एकमेकांना ओळखत नाहीत.

"म्हंजे मी सर्वे नंबरातून खसऱ्यात देल्ली पोरगी," ताई म्हणाल्या. गाडी हसली. नंतर त्या म्हणाल्या, "आमच्या बापाले लोक म्हनत, नदीपार कायले देतं पोरगी, पूर आला का बंद होईन. आता पाहा, मी नदीपार, अन् बाप पाण्याखाली गेला."

वरूडच्या दोन्ही अंगांनी संत्र्याच्या बागा दिसत होत्या, पानं मिटलेली, मलूल. पुण्याकडचा कुणी पाहील तर म्हणेल वाळल्या. मृग बहार धरायचा असेल तर झाडाला मे महिन्यात पाणी तोडून ताणावर सोडावं लागतं, तेव्हा ते पावसाबरोबर फुलतं. अडत्यांनी खिडकीतून पाहून सांगितलं की यातल्या सगळ्याच काही ताणावर नाहीत, काही खरंच वाळल्यात. बोअर आटलेत. वरूड-मोर्शी हा पट्टा भूजल उपसून उपसून कोरडा केलेला. आणि तिथून हाकेच्या अंतरावर आम्ही जात होतो तो समुद्रासारखा जलाशय.

---

सहाला आम्ही काठावर उतरलो. उतरलो म्हणजे जिथं काठ असायला हवा होता तिथं. धरण पूर्ण भरतं तेव्हा पाणी जिथपर्यंत येतं ती पूर्ण संचय पातळी. तिथं हद्दीचे दगड असतात. संपादन त्या दगडांपर्यंत. आमच्यासमोर असा एक दगड होता, आणि पाणी त्याच्यापासून पाऊण-एक किलोमीटर खाली चकाकत होतं. मधली सगळी जमीन उघडी. आणि ती ओसाड नव्हती. हिरवी होती.

टरबुजाचे वेल, काकडी, भुईमूग, ढोरांसाठी ज्वारीचा चारा. मधूनमधून काट्याकुपाट्यांची कुंपणं, पाण्यापर्यंत टाकलेले काळे पाइप, डिझेल इंजिनाचा फटफट आवाज.

"धरणात शेती?" एका गुरुजींनी विचारलं.

गाळपेर. आमच्या खात्यातल्या माणसाला हा शब्द पाठ असतो, बाहेरच्यांना तो ठाऊकच नसतो. दिवाळीनंतर पाणी उतरायला लागतं. जसं उतरतं तशी जमीन उघडी पडते, वर वर्षाचा ताजा गाळ. ही जमीन सरकार एका हंगामापुरती भाडेपट्ट्यानं देतं. पहिला मान प्रकल्पग्रस्तांचा. म्हणजे ज्याचं वावर गेलं त्यानं अर्ज करायचा, भाडं भरायचं, आणि आपलंच वावर चार-सहा महिने कसायचं. पाऊस लागला की पाणी परत येतं आणि पट्टा आपोआप संपतो. सातबारा शासनाच्या नावावर, फेरफार होऊन चाळीस वर्षं झालेली. पण वर्षातले काही महिने जमीन आपल्या जुन्या ओळखीच्यांकडं येऊन राहते, बाळंतपणाला आलेल्या लेकीसारखी.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत असले गाळपेरीचे तुकडे मी आखून दिले आहेत. फार चमत्कारिक काम. खुंट्या ठोकायच्या आणि सहा महिन्यांनी त्या बुडणार हे ठाऊक असायचं. पुढच्या वर्षी पाऊस कमी-जास्त झाला की काठ सरकलेला. गेल्या वर्षी शेवटचा होता तो तुकडा यंदा मधला. कागदावर काठ म्हणजे एक रेघ, दगडाला दगड जोडणारी. पण त्या रेघेवर कोणीच राहत नाही. पाणी तिच्या खाली असतं आणि माणसं मधल्या पट्ट्यात.

आम्ही त्या मधल्या पट्ट्यात शिरलो. आणि पहिली चूक मी केली.

माझ्या हातात नकाशा होता, मोबाइलवर उपग्रहाचं चित्र होतं, आणि पाठीशी सदतीस वर्षांची नोकरी. मी नकाशा वळवून धरला, गावठाण कुठल्या दिशेला ते दाखवलं आणि म्हणालो, सरळ चला, दोन वावरं ओलांडली की आलं. एसटीचे चालक पुढं झाले. भेगाळलेली, ताटलीसारखे पापुद्रे सुटलेली जमीन, वरून खणखणीत. वीसेक पावलं गेले आणि गुडघ्यापर्यंत आत. दुसरा पाय टेकवायला गेले तर तो मांडीपर्यंत. माणूस अंगानं भरलेला. हलले की आणखी आत जात.

गाळ वरून वाळतो, आतून कित्येक दिवस ओला राहतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण नकाशावर तो सर्वे नंबर होता, आकारासकट, आणि नकाशा हातात असला की मला पायांखाली पाहायची सवय राहिली नव्हती.

टरबुजाच्या वाडीतून एक माणूस ओरडत आला. "वावरात नोका घुसू जी! पांदनीवर या, पांदनीवर!" त्यानं आडवी फळी टाकली, आम्ही दुपट्ट्यांना गाठी मारल्या, आणि दहा मिनिटांनी चालक साहेब चिखलाचे होऊन बाहेर निघाले. एक बूट नल-दमयंती सागराला देऊन. कोणी हसलं नाही. नंतर, जेवताना, सगळे हसले.

पांदण मला दिसत नव्हती. त्या माणसानं दाखवली. बाकीच्या रानापेक्षा किंचित फिकट, मुरमाड, रुंदीला एक बंडी जाईल एवढी पट्टी. दुष्काळी कामाच्या वेळी तिच्यावर खडी टाकली होती म्हणाला, आणि त्याआधी कितीतरी पिढ्यांच्या बंड्यांनी दाबलेली. तीस वर्षं दर पावसाळ्यात पाण्याखाली जाऊनही टणक. माझ्या नकाशात ती दोन तुटक रेघांनी होती. मी तिच्याकडं पाहिलंच नव्हतं.

"तुमी मोजाले आले का जी?" माझ्या हातातला कागद पाहून त्यानं जरा दबकतच विचारलं. मी म्हटलं, नाही, फिरायला आलो. त्याचा विश्वास बसला नाही. काटोलहून चौदा माणसं मे महिन्यात धरणाच्या गाळात फिरायला येतात, यावर मीही ठेवला नसता.

---

पांदणीवर आल्यावर ताईंनी बूट काढले. मी म्हटलं, काटे आहेत, काचा असतील. त्यांनी ऐकलं नाही. बूट हातात घेऊन अनवाणी त्या पुढं झाल्या आणि आम्ही तेरा जण, नकाशासकट, मागं.

जलाशयाच्या नावाची गोष्ट गुरुजींनी तिथं काढली. दमयंती आमच्या विदर्भाच्या भीम राजाची लेक. स्वयंवरात तिच्यासमोर पाच नल उभे. चार देव, एक खरा. चेहरे सारखे. तिनं खरा कसा ओळखला? देवांना घाम नाही, पापणी लवत नाही, अंगावर धूळ नाही, आणि पाय जमिनीला टेकत नाहीत. ज्याचे पाय जमिनीला टेकले होते त्याच्या गळ्यात तिनं माळ घातली. गुरुजी हे सगळं जलाशयाचं नाव कसं छान आहे या अंगानं सांगत होते. मी पुढं चालणाऱ्या तळपायांकडं पाहत होतो.

वाटेत टिटवी अंगावर धावून आली. तिची अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांत खडा होऊन पडलेली असतात. आम्ही ती जागा वळसा घालून सोडली. मग विहीर आली. गाळानं भरलेली, दगडी बांधकामाचं नुसतं कडं वर, आणि कोणाचं ढोर पडू नये म्हणून वाडीवाल्यानं बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. ताई कड्यापाशी थांबल्या. हात दगडावर ठेवला.

"इथून घर सत्तर पावलं," त्या म्हणाल्या. "बाबा सगळं पावलानंच मोजे. वावर किती पावलं, धुरा किती पावलं, मारुती किती पावलं. आमाले पानी आनाले धाडे त सांगे, सत्तरच पावलं हायेत, रडता कायले."

माझ्या मानेवरून काही तरी सरकलं. ते हलणारे ओठ. ते नामस्मरण नव्हतं.

मी नकाशा उघडला. आणि तिथं, इतक्या वर्षांत कधीच न खुपलेली एक गोष्ट मला खुपली. आमच्या गावनकाशात प्रत्येक वावर असतं, त्याच्या बांधाचा प्रत्येक कोन असतो, नाला, पांदण, विहीर, शिवेवरचा दगड असतो. आणि गावठाण? नुसता एक रिकामा तुकडा. आत काही नाही. सारा शेतावर होता, म्हणून मोजणी शेताची झाली. घरांवर सारा नव्हता, म्हणून इंग्रजांच्या काळापासून गावठाणाच्या आत साखळी गेली नाही. शहरांचं नगर भूमापन झालं. खेड्यातली घरं नकाशावर घ्यायला २०२० साली स्वामित्व योजना आली आणि ड्रोन उडाले, तोवर थांबावं लागलं. ड्रोन आले तेव्हा हे गाव पाण्याखाली होतं. घरांची मोजमापं संपादनाच्या पत्रकांत होती, चौरस फुटांत, मोबदल्यासाठी. पण कोणतं घर कुठं, कोणाच्या शेजारी, विहिरीपासून किती, हे दाखवणारा कागद माझ्याजवळ नव्हता.

ताई चालू लागल्या. मोठ्यानं मोजत. आम्ही सगळे गप्प. पन्नास. साठ. सत्तरला थांबल्या. समोर टरबुजाचे वेल आणि काही नाही. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. पाठ फिरवून विहिरीकडं पाहिलं. मला वाटलं, आता रडतील. मी पुढं होणार तेवढ्यात त्या स्वतःशीच म्हणाल्या, "ओ बाप्पा. त्याइची पावलं. माह्यी नाही."

उंच माणसाची पावलं होती ती. ताई पुन्हा विहिरीपाशी गेल्या नाहीत. तिथूनच, सरळ, आणखी चालल्या. पंधरा. वीस. चोवीसाव्या-पंचविसाव्या पावलाला त्या वेलांच्या कडेला थांबल्या, वाकल्या आणि पानं बाजूला सारली. लाटांनी माती धुऊन नेलेली, खाली दगडांची सरळ ओळ. जोतं.

वाडीवाला धावत आला. त्याला वाटलं वेल तुडवताहेत. ताईंनी सांगितल्यावर तो उभाच राहिला. तो दुसऱ्या गावचा, दुसऱ्या बुडालेल्या गावचा. त्याला यंदा इथला तुकडा मिळाला होता. त्याचं स्वतःचं वावर आणखी खोलवर, जे उन्हाळ्यातही उघडं पडत नाही. "या दगडाईले नांगर लागते म्हनून शिव्या देत होतो मी," तो म्हणाला. "मले काय मालूम." मग त्यानं वेलावरचं एक टरबूज तोडलं, जोत्यावर आपटून फोडलं आणि पहिली फोड ताईंना दिली. "घ्या जी. तुमच्याच घरातलं हाये."

दुसरे गुरुजी थोडं लांब काही तरी उकरत होते. २२ मे २०१२ ला काटोलवर उल्का पडली. तेव्हापासून गुरुजी कुठलाही काळा दगड सोडत नाहीत. त्यांनी एक काळा, वर्तुळाकार दगड चिखलातून सोडवून आणला आणि सगळ्यांना दाखवला. मधोमध भोक. जात्याची तळी. ताईंनी ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, आमची नव्हे, आमची टाकी लावलेली होती; शेजारच्या काकूची असंन. ठेवा जिथली तिथं. गुरुजींनी ठेवली. हा दगड आभाळातून पडलेला नाही, याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही.

---

साडेदहाला आम्ही पांदणीवरूनच परतलो आणि हद्दीच्या दगडापलीकडं एका कडुनिंबाखाली शिदोऱ्या सोडल्या. झुणका, पोळ्या, मिरचीचा ठेचा. वाडीवालाही येऊन बसला. बोलता बोलता तो २०२३ वर आला. मोर्शीच्या तहसीलपुढं धरणग्रस्तांनी शंभराहून अधिक दिवस धरणं धरलं, आणि २९ ऑगस्टला त्यांतली माणसं मुंबईला मंत्रालयात जाऊन सुरक्षेसाठी लावलेल्या जाळीवर उतरली. टीव्हीवर साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. "लोक म्हनत, तीस वर्षानं काय मागून राहिले हे? आमी म्हनतो, तीस वर्षं मागूनच राहिलो ना जी." हे तो काही आवाज चढवून म्हणाला नाही. नवं गावठाण कसं आहे असं कोणी तरी विचारलं. रस्ते सरळ आहेत, म्हणाला. प्लॉटला नंबर आहेत. पुनर्वसनाच्या कायद्यात अठरा नागरी सुविधा लिहिल्यात, त्या त्यानं बोटांवर मोजायला घेतल्या आणि नऊ-दहाला थांबला.

मी जेवण बाजूला ठेवलं आणि ताईंना सांगून टाकलं. त्या मोजणीत मी होतो. तुमचे बाबा दिवसभर आमच्या मागं चालत होते. संध्याकाळी आमच्या साहेबांनी त्यांच्या वावराचं क्षेत्र सांगितलं. मग त्यांनी आपला आकडा सांगितला. पावलांचा.

ताईंच्या चेहऱ्यावर राग आला नाही. त्या जरा पुढं सरकून बसल्या.

"मंग? किती भरली होती बाबाची पावलं?"

मला आठवेना. मी खरोखर आठवून पाहिलं. त्या वावराचा सर्वे नंबर आठवला. पोटहिस्सा आठवला. संध्याकाळचा उजेड, साहेबांची सायकल, पंचनाम्याच्या कागदावर पडलेला शाईचा डाग आठवला. मी आकड्यांचा माणूस. चाळीस वर्षांपूर्वीच्या मोजणीतले आकडे मला आजही झोपेतून उठवून विचारा. तो एकच आकडा नव्हता. तो कुठल्या नमुन्यात लिहिलाच गेला नव्हता. आठवलं ते एवढंच, की तो ऐकून आम्ही सगळे हसलो होतो. मीही. साखळीचं टोक धरणारा एकवीस वर्षांचा मीही.

ते मी ताईंना सांगितलं. त्या काही वेळ पाण्याकडं पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हासलेच असाल. लोक हासतच त्याइले." आणि डब्यातली उरलेली पोळी माझ्या पानावर ठेवली.

परतीच्या वाटेवर गाडीत सगळे झोपले. ताईंनी बूट घातलेच नव्हते. तळपायांवरचा गाळ वाळून पांढरा झाला होता. घरी पोचलो तेव्हा दुपार टळली होती. आंघोळीच्या आधी मी कपाटातून जुना टेप काढला, अंगणात पसरला आणि नेहमीच्या चालीनं त्याच्या बाजूनं दहा पावलं टाकली. सदतीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. स्वतःचं पाऊल किती भरतं हे कधी पाहिलं नव्हतं. साडेबावीस फूट भरले. पावलाला सव्वादोन.